ओव्याची वाफ आणि बेबीमावशीचा कूलर

कागद परत कोरा!

म्हणजे अगदी कोरा नाही. दोन-चार तपकिरी ठिपके होते. पण मला कागद भरलेला हवा होता, पोळीवर तीळ लावावे तसा. मी उकिडवी बसले होते, हातात व्हॅसलिन लावलेला पांढरा कागद, वर कडुनिंब, समोर ओळीत मांडलेल्या बेबीमावशीच्या पेट्या. आणि मावशी मागून विचारत होती, "पडले का व पोरी? गोचीड पडले का?"

"पडतील मावशी. पडतायत."

"कावून खोटं बोलतं. तोंड पाह्य तुयं."

थांबा, आधी सांगते मी कोण ते. मी मधमाश्यांची टेक्निशियन आहे. अकोल्यात मध उत्पादक शेतकऱ्यांची एक कंपनी आहे, तिथं फील्डवर काम करते. पातूर, बार्शीटाकळी हा माझा पट्टा. स्कूटीवर फिरायचं, लोकांच्या पेट्या उघडून बघायच्या, आजार असला तर उपचार करायचा. घर अमरावतीला. बाबा वकील. ते कोर्टात सांगतात की मुलगी ॲग्रीमध्ये आहे. माशा हा शब्द अजून त्यांच्या तोंडून निघत नाही.

आता गोचीड. मावशी ज्याला गोचीड म्हणते तो एक माइट असतो, वरोआ. खसखशीच्या दाण्याएवढा, लालसर तपकिरी. माशीच्या अंगाला चिकटतो आणि तिला आतून खातो. त्याहून वाईट म्हणजे मेणाच्या बंद घरात, जिथं माशीचं पिल्लू वाढतं, तिथं शिरून तो स्वतःची पिल्लं काढतो. मग ती माशी जन्मते तीच चुरगळलेल्या पंखांची. उडता येत नाही. पेटीच्या दारासमोर मातीत सरपटत राहते. ते एकदा बघितलं ना की माणूस शांत झोपत नाही, खरं सांगते.

यावर आम्ही शक्यतो तेलं वापरतो. ओव्याचं फूल ऐकलंय? ओव्याच्या तेलातून निघणारे पांढरे खडे, कापरासारखे दिसतात. ते थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवायचे, त्यात नीलगिरीचं तेल, थोडं गवती चहाचं तेल. त्यात स्पंजचे तुकडे भिजवून पेटीत पोळ्यांच्या चौकटींच्या वर कोपऱ्यात ठेवायचे आणि झाकण बंद. हळूहळू वाफ होते, पेटीभर पसरते. माश्या ती सहन करतात. माइटला ती झेपत नाही. तो सुटतो आणि खाली पडतो. खाली आम्ही जाळी आणि जाळीखाली तो व्हॅसलिनचा कागद ठेवलेला असतो. पडला की चिकटला. कागद बघून कळतं काम होतंय की नाही. मधाचे मजले, म्हणजे वरचे मध साठायचे कप्पे, मात्र आधी काढून ठेवायचे, नाहीतर मध खाताना पोटदुखीचं औषध घेतल्यासारखं वाटतं!

एक अडचण आहे. बंद घरात बसलेल्या माइटपर्यंत वाफ पोचत नाही. तो बाहेर येईल तेव्हाच सापडतो. म्हणून वाफ काही आठवडे सतत राहावी लागते. मध्ये खंड नको.

माझ्या पट्ट्यात सगळीकडे कागद भरत होते. पातूरकडच्या एका काकांनी तर मला कागदाचा फोटो गुड मॉर्निंगच्या मेसेजसारखा रोज पाठवायला सुरुवात केली होती. फक्त बेबीमावशीकडे काही नाही. तेच तेल, तोच स्पंज, तीच मी!

ऑफिसला आले तर वानखडे सर. आमचे मॅनेजर. माणूस चांगला, पण बोलणं दगडासारखं.

"प्राजक्ता, त्या बाईच्या पेट्या उचलायच्या आता."

"सर, अजून थोडे दिवस."

"हे पाह्य, तिच्या माश्या उडून बाजूच्याच्या पेटीत जातात. माइट घेऊन जातात. एकीसाठी अख्खं गाव आजारी पाडू का मी?"

"सर, उचलल्या की काय करणार?"

"पिल्लांचे पोळे जाळायचे. माश्या दुसऱ्या पेट्यात झटकायच्या. तुले माहीत नाही का?"

माहीत होतं. म्हणून तर विचारलं.

"दिवाळीपर्यंत द्या सर."

सरांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "दिवाळीच्या आधी. कागद सुधरला नाही तं मी सोता ट्रक घेऊन येतो."

आता तुम्ही म्हणाल, पेट्याच तर आहेत. दुसऱ्या घेता येतात. पण त्या पेट्या मावशीच्या नव्हत्याच. त्या गजूच्या होत्या. गजू म्हणजे मावशीचा एकुलता एक. मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ही दोघंच. गजूनं पेट्यांचा धंदा सुरू केला आणि मग पेट्या घेऊन फिरणाऱ्या लोकांबरोबर गेला. हे लोक फुलांच्या मागं मागं जातात. इकडे संत्र्याचा बहार, तिकडे कांद्याचं बियाणं, हिवाळ्यात थेट राजस्थानात मोहरी. गजू तिकडेच रमला. फोन यायचा, तो नाही यायचा. या पेट्या तेवढ्या त्यानं घरी ठेवल्या होत्या. "आई, ह्या सांभाळ, मी घ्याले येतो" म्हणून.

मावशीसाठी त्या पेट्या म्हणजे त्याचं येणं होतं. पेट्या आहेत म्हणजे गजू येणार आहे. इतका साधा हिशेब. पेट्या गेल्या तर तो कशाला येईल? हे तिनं मला एकदाही असं बोलून दाखवलं नाही. पण रोज सकाळी ती पेटीच्या दारापुढची जागा झाडायची आणि मेलेल्या माश्या ओंजळीत घेऊन तुळशीच्या आळ्यात टाकायची. कचऱ्यात नाही. तुळशीत.

पहिल्यांदा मी तिच्याकडे गेले तो दिवस आठवतो. ऑक्टोबरची दुपार, आणि आमच्याकडची ऑक्टोबरची दुपार म्हणजे काय ते अकोल्यात राहिल्याशिवाय कळत नाही. मे महिना काहीतरी विसरला म्हणून परत आल्यासारखा! मी घामानं भिजलेली. घरात शिरले तर मावशीनं पाणी नंतर दिलं, आधी कूलर वळवला. तो पत्र्याचा मोठा कूलर, बाजूला वाळ्याच्या ताट्या, स्टँडला चाकं. तिनं कंबर लावून त्याचं तोंड माझ्याकडे केलं आणि स्वतः चुलीजवळच्या कोपऱ्यात पदरानं वारा घेत बसली.

"मावशी, तुमच्याकडे राहू द्या ना."

"चूप बस व. पाहुणा घामात बसला तं लोकं काय म्हणतीन?"

आमच्या वऱ्हाडात हे असंच. पाहुणा आला की कूलर पाहुण्याकडे. घरच्यांनी वारा कुठून येतो ते शोधायचं. माझी आईसुद्धा हेच करते. तो वाळ्याचा ओला वास आला आणि मला एकदम घर आठवलं. आमच्या घरचा कूलर, त्याच्या समोर बसून खाल्लेला गिला वडा, दह्याची वाटी. अमरावती काही लांब नाही हो. मूर्तिजापूरवरून जाणारी गाडी धरली की दोन-अडीच तास. लांब नसलं की जाणं सगळ्यात जास्त राहून जातं. आईचा फोन यायचा, "मॅडमले वेळ आहे का?" मी म्हणायची, दिवाळीत नक्की. गजूही तेच म्हणत होता.

त्या दिवसानंतर मी सगळ्या चकरा सकाळी करायला लागले. ऊन वाढायच्या आत पेट्या उघडायच्या, हा नियमच आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तर कागद का भरत नव्हता? मी एकेक गोष्ट तपासली. तेल भेसळीचं आहे का? बाटली उघडून नाकाला लावली, डोळ्यांत पाणी आलं. अस्सल. पेटीला फट आहे का, जिथून वाफ निघून जाईल? चिखल आणि शेण लावून सगळ्या फटी बुजवल्या. डोस कमी पडला का? पण वाढवायची सोय नव्हती, कारण उन्हात ही तेलं भसाभस उडतात. जास्त झालं तर माश्याच पेटी सोडून बाहेर लोंबकळतात, राणी अंडी घालणं थांबवते. म्हणून आमच्या भागात मी आधीच अर्धा डोस देते, तोही सूर्य कलल्यावर ठेवायला सांगते.

मधेच एक चमत्कार झाला. एका सकाळी मावशीचे कागद भरले! सगळ्या पेट्यांचे! मी तिथंच नाचले. खरंच नाचले, मावशी साक्षीला आहे.

"बाप्पा बाप्पा! पडले?"

"पडले मावशी! बघा, हे सगळे बारीक बारीक!"

मावशीनं चष्मा आणून बघितलं. "मेल्यांनो," ती कागदाला म्हणाली. मग हळूच, "मंग गजूले सांगू का?"

"सांगा!"

तिनं लगेच फोन लावला. लागला नाही. मोबाईल चार्ज नव्हता, गावाची डीपी जळाली होती ना! डीपी म्हणजे लायनीचा ट्रान्सफॉर्मर. सगळं गाव दोन-तीन दिवस अंधारात. मावशी म्हणाली, लाईन आली की सांगते.

लाईन आली. आणि कागद परत कोरा.

तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं! मी ऑफिसात बसून माइटना तेलाची सवय झाली का यावर काहीतरी वाचत बसले. वानखडे सर माझ्या टेबलाजवळून जाताना फक्त कॅलेंडरकडे बघून जायचे.

मग एक दिवस पातूरची मीटिंग लवकर आटोपली. दुपारचं रणरणतं ऊन. वाटेत बार्शीटाकळीचा फाटा आला आणि मला वाटलं, मावशीकडे टेकावं. पेट्या बघायला नाही, सावलीत बसायला. आणि खोटं कशाला बोलू, त्या कूलरसमोर बसायला.

गेले तर घराचं दार उघडं, आत कोणी नाही. कूलरही नाही! पण आवाज येत होता. घर्र घर्र. मागच्या अंगणातून.

मी मागं गेले आणि तशीच उभी राहिले.

कडुनिंबाखाली कूलर. घरातून लांबलचक वायर ओढून आणलेली. कूलरचं तोंड पेट्यांकडे. सगळ्या पेट्यांची झाकणं एका बाजूनं उचललेली, खाली गिट्टीचा एकेक तुकडा. आणि वारा थेट आत! सगळ्या अंगणात ओव्याचा वास, नीलगिरीचा वास, मावशीच्या अंगणातून पार रस्त्यापर्यंत. पेटी सोडून सगळीकडे!

मावशी बाजूच्या दगडावर बसलेली, घामाघूम, पदरानं तोंड पुसत.

"मावशी! हे काय करून राहिल्या तुमी?"

मी तापले की माझीही वऱ्हाडी बाहेर येते.

"काय म्हंजे? त्यायले गरम होते ना."

"रोज?"

"रोजच. दुपारची लाईन असते तोवर. तुयं ते औषध, बाप्पा, माह्या डोयात जाते. झाकण लावलं का आत कसं होत असन त्यायले? ऊन वरून, वाफ आतून. मंग म्या कूलर वळवला."

"मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कुठी? तू येतं सकायी. तवा कूलर घरात असते, राती मले लागते ना. झाकणं बी म्या लावून घेतो सांजेले."

मी खाली मातीत बसले. हसू की रडू कळेना. दुपारी ऊन चढतं तेव्हाच सगळ्यात जास्त वाफ होते. नेमकी तेव्हाच ती रोज कूलरच्या वाऱ्यानं बाहेर जात होती. डीपी जळाली तेवढे दिवस कूलर बंद, झाकणं बंद, म्हणून कागद भरला.

"मावशी, पेट्या उघड्या ठेवल्या तर औषध लागतच नाही. सगळं उडून गेलं."

मग तिचा हात तोंडावर गेला. "म्हंजे म्याच..."

"नाही मावशी, तसं नाही."

"मले वाटलं, पाहुणे हायत. गजूनं भरोशावर ठेवले. तो आला आन म्हणला, आई, माह्या माशा उन्हात ठेवल्या? तं काय सांगू?" ती कूलरकडे बघत राहिली. "मी अडाणी तं अडाणी. पाहुण्याले वारा घालता घालता मारून टाकलं असतं."

मला तिला सांगावंसं वाटलं की तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. आणि सांगितलंही, कारण ते खरंच होतं. त्या उन्हात पेट्या थंड ठेवायलाच हव्या होत्या. मी अर्धा डोस दिला आणि गेले, सावलीचं काहीच केलं नाही. थंडावा पाहिजे होता, वारा नको होता. एवढंच.

मग आम्ही दोघींनी कामाला हात घातला. गिट्ट्या काढल्या, झाकणं लावली. मागच्या सालच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, रचलेल्या होत्या. त्यांचा पश्चिमेला आडोसा बांधला. त्यावर पोती टाकली आणि ती ओली करत राहायचं ठरलं. माश्यांना प्यायला ताटलीत पाणी, त्यात गोटे, म्हणजे बुडायला नको. सूर्य कलल्यावर नवे स्पंज ठेवले. कूलर मी ढकलत घरात नेला.

"आन हा कोणाकडं वळवू आता?" मावशीनं विचारलं.

"स्वतःकडे वळवा ना."

ती हसली. पण वळवला माझ्याकडेच.

पुढच्या सकाळी कागदावर ठिपके होते. त्याच्या पुढच्या सकाळी जास्त. मग असे भरले की मी फोटो काढून वानखडे सरांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, एक अंगठा. सरांच्या भाषेत ही मिरवणूक आहे! आठवडे गेले तसे ठिपके कमी व्हायला लागले, आणि आता कमी होणं ही चांगली खबर होती, कारण पाडायला माइटच उरले नव्हते. दारासमोर सरपटणाऱ्या माश्या दिसेनाशा झाल्या. तूर फुलायला लागली, माश्या पायांना पिवळे गोळे लावून येऊ लागल्या. दुपारी तिथं उभं राहिलं की पेट्यांतून असा आवाज यायचा, दुरून देवळातली आरती ऐकू यावी तसा.

आणि दिवाळीला गजू आला.

खरंच आला! दुसऱ्या दिवशी मी तिथं होते, कारण पेट्या जिल्ह्याबाहेर न्यायच्या तर माझी तपासणी लागते. गजू उंच, उन्हानं काळा पडलेला, बोलण्यात अर्धी हिंदी. एकेक झाकण उघडत गेला. "आई! अबे, काय भरल्या पेट्या! तिकडं बी अशा नाहीत कोणाच्या!" मावशी ओट्यावर उभी, हातात अनारशाचं ताट, तोंडावर असं काही की मी दुसरीकडे बघितलं.

ट्रक सकाळी यायचा होता. मोहरी थांबत नाही.

मी तपासणी करत होते तेव्हा मावशी शेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "पोरी, एक सांग. थोडे गोचीड राहले असते, तं तो थांबला असता का?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही मावशी. सरांनी पेट्या उचलल्या असत्या. मग तो आलाच नसता."

तिनं पेटीच्या दारापुढची धूळ पदरानं झाडली. माश्या येत होत्या, जात होत्या.

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "दोन रोज तं जेवला माह्या हातचं."

शेवटच्या पेटीपाशी मी थांबले. त्यातली जुनी राणी उन्हात आणि वाफेत गेली होती, माश्यांनी नवी केली होती, ती नुकती अंडी घालायला लागली होती. "गजूभाऊ, ही नका नेऊ. राणी नवीन आहे. प्रवासात हलली तर बसायची नाही."

खरंच नवीन होती हो! कोणालाही विचारा.

गजूनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "राहू द्या मंग. हिच्यासाठी यावंच लागन मले."

त्या संध्याकाळी मी स्कूटी ऑफिसला लावली आणि अमरावतीची गाडी धरली. थंडी सुरू झाली होती, घरचा कूलर जुन्या चादरीत गुंडाळलेला. आई म्हणाली, "आलीस? मला वाटलं माश्यांनी सुटी दिली नाही." बाबांनी शेजारच्या काकांना सांगितलं, मुलगी मधमाश्यांची डॉक्टर आहे. पहिल्यांदा!

आता परत उन्हाळा आलाय. परवा मावशीला फोन केला. पेटी मजेत आहे, माश्या वाढल्या आहेत, गजू चैतात येतो म्हणाला होता, चैत गेला.

"आणि कूलर? माश्यांकडे नाही ना मावशी?"

"नाई व. भिंतीकडं तोंड करून ठेवला हाय. कोणी आलं का वळवतो." मग म्हणाली, "तू कवा येतं?"

मी आता नव्या जागी तेल लावताना पहिला प्रश्न डोसचा विचारत नाही. विचारते, दुपारी कूलर कोणाकडे असतो? लोक वेड्यासारखं बघतात. बघू द्या. धडा एवढाच: वाफेच्या औषधाला बंद झाकण लागतं, आणि ते बंद आहे का हे सकाळी जाऊन कळत नाही. दुपारी जा. जमलं तर थोडा वेळ बसा.